राखून ठेवलेली जागा

आमच्या घरात राग मोठ्याने काढायची पद्धत नव्हती. राग यायचा सगळ्यांनाच, पण पप्पांचा राग बुटांना पॉलिश करण्यात जिरायचा आणि आईचा ओले कपडे झटकण्यात. सिंगापुरात, वुडलँड्सच्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर बांबूच्या काठ्या अडकवून त्यावर कपडे वाळत घालावे लागत. आई पप्पांचा शर्ट असा काही झटकायची की समोरच्या ब्लॉकमधल्या बायका मान वर करून बघायच्या. तेवढंच. मग ती आत यायची, गॅस पेटवायची, घरभर लसणाच्या फोडणीचा नाहीतर सुकटीचा वास सुटायचा आणि विषय संपला असं आम्ही समजायचं. मी कुणावर गेले होते कोण जाणे. माझा राग थेट जिभेवर यायचा आणि तोही इंग्रजीत. शाळा इंग्रजी, मैत्रिणी चिनी नाहीतर मलय. त्यामुळे भूक, लाड, आजारपण हे सगळं माझं मराठीत असायचं आणि भांडण इंग्रजीत. आज चाळिशी ओलांडल्यावर हे मराठीत लिहायला बसले आहे, तेव्हा कळतंय की मराठीतही संतापायला काही हरकत नव्हती.

आमचं घर अकराव्या मजल्यावर होतं. हॉलच्या खिडकीतून मलेशियातल्या जोहोरकडे जाणाऱ्या लॉऱ्यांची रांग दिसायची. सकाळी शेजारच्या मलय घरातून नारळाच्या दुधात शिजणाऱ्या भाताचा वास यायचा, दुपारी भंगारवाला भोंगा वाजवत ब्लॉकखालून फिरायचा आणि शनिवार-रविवारी तळमजल्याच्या मोकळ्या जागेत कुणाचं तरी लग्न असायचं, नाहीतर कुणाचं तरी मयत. कपाटावरच्या बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावून आई रोज सकाळी वंदना म्हणायची, जरा भराभरच, कारण तिला एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, गाठायची असे. पप्पा सांडपाणी शुद्ध करायच्या एका कंपनीत संशोधक होते. एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे नोकरीचा परवाना, त्यांचा, आणि त्या पासला बांधलेल्या आम्ही दोघी डिपेंडंट, अवलंबून. हा शब्द माझ्या कार्डावर छापलेला होता. आईच्याही. माझ्या कार्डावर तो शोभायचा, मी मुलगी होते. आईच्या कार्डावर तो वाचला की माझं डोकं फिरायचं.

कारण आई डॉक्टर होती. सरकारी मेडिकल कॉलेजातून एमबीबीएस झालेली, मराठवाड्यातल्या एका आडगावच्या आरोग्य केंद्रात काही वर्षं एकटीच्या जिवावर बाळंतपणं केलेली. सिंगापुरात तिची पदवी चालत नव्हती. म्हणून तोआ पायोहमधल्या एका चिनी डॉक्टरांच्या दवाखान्यात ती काउंटरवर बसायची. पेशंटचं नाव टाइप करायचं, ताप बघायचा, गोळ्यांच्या पाकिटावर लेबल चिकटवायचं. डॉक्टर भले होते, पण त्यांनाही ती कोण आहे हे तिने सांगितलेलं नव्हतं. संध्याकाळी कांदा चिरताना मात्र ती कधीतरी स्वतःशीच पुटपुटायची, "त्या म्हातारीचं थायरॉइड बघायला हवं. खोकल्याचं औषध काय देतात!" मग कांदा कढईत पडायचा आणि ती गप्प व्हायची.

आमच्या ओळखीच्या मराठी मंडळीत ती फक्त 'वहिनी' होती. पण पोराला ताप आला, कुणाच्या अंगावर पुरळ उठलं की फोन वाजायचा तो आमच्याकडे. इथल्या डॉक्टरांवर यांचा विश्वास नसायचा, किंवा दवाखान्यात जायचा कंटाळा असायचा. सगळ्यात जास्त फोन टॅम्पिनीसहून यायचे. तिथे सुहासकाका आणि मेधाकाकू राहायचे. सुहासकाका एका मोठ्या आयटी कंपनीत मॅनेजर होते, मूळचे पुण्याचे. पप्पांची आणि त्यांची ओळख सिंगापुरात आल्या आल्या झालेली. त्यांची मुलगी ईशा माझ्याच वयाची. ईशा मला आवडायची, अजूनही आवडते. या प्रकरणात तिचा काही दोष नाही, हे आधीच सांगून टाकते. आदल्या वर्षी एका दुपारी ईशाच्या पोटात दुखायला लागलं आणि मेधाकाकूंचा फोन आला. आईने फोनवर चार प्रश्न विचारले, मग म्हणाली, "तिला उजव्या पायावर उडी मारायला सांगा." ईशाला ती मारता येईना. आई म्हणाली, "ओवा-बिवा काही देऊ नका. पाणीही नको. टॅक्सी करा आणि हॉस्पिटलला न्या, आत्ता." अपेंडिक्स होतं, फुटायच्या बेतात आलेलं. ऑपरेशन झालं, ईशा बरी झाली, काकूंनी आईला डब्यातून नारळाच्या वड्या पाठवल्या.

बारावीच्या परीक्षेनंतर, म्हणजे इथल्या ए-लेव्हलनंतर, आम्ही दोघींनीही इथल्या सरकारी विद्यापीठात मेडिकलसाठी अर्ज केला. मला मुलाखतीला बोलावलं. ईशाला बोलावलं नाही. हा तपशील मी इतक्या वर्षांनंतरही विसरलेले नाही, आणि विसरायचा माझा विचारही नाही. मुलाखतीत मी काय बोलले ते धड आठवत नाही, पण नकार आला. विद्यापीठाने मला केमिस्ट्रीची जागा देऊ केली. ती जागा चांगली होती. माझ्या वर्गातल्या मुलींनी त्यासाठी आनंदाने उड्या मारल्या असत्या. मी दोन दिवस पांघरुणातून बाहेर आले नाही. मला शरीर शिकायचं होतं. लहानपणी आई मला झोपवताना पाठीच्या मणक्यांवरून बोट फिरवत एकेकाचं नाव सांगायची, तेव्हापासून मला तेच हवं होतं, आणि आता माझ्या हातात बाटल्या आणि सूत्रं येणार होती.

अशात ईशा एका परदेशी खासगी विद्यापीठात गेली. शहरात त्यांचं एक कॅम्पस होतं, चकचकीत, काचेचं. कोर्सचं नाव बायोमेडिकल सायन्स, आणि त्यापुढे 'प्री-मेडिकल'. आधी इथे, मग त्यांच्या परदेशातल्या मूळ कॅम्पसमध्ये, आणि पदवी झाली की तिथल्या मेडिकल कॉलेजात अर्ज करायचा. सिंगापुरात खासगीत जाणं म्हणजे कमीपणा समजतात. कुणी 'प्रायव्हेट' म्हटलं की ऐकणाऱ्याचा 'ओह' जरा लांबतो. पण सुहासकाकांच्या घरी पेढे आले आणि ईशा मेडिकलला गेली अशी बातमी सगळीकडे पसरली. 'प्री' वाटेतच गळून पडला. त्या रविवारी त्यांच्या कॉन्डोत, म्हणजे महागड्या खासगी सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये, जेवायला आम्हालाही बोलावणं होतं.

जेवण छान होतं. मेधाकाकूंच्या हाताला चव आहे, ते मी नाकारणार नाही. मसालेभात, मटकीची उसळ, काकडीची कोशिंबीर, आमटी, बासुंदी. खाली तलावात मुलं पोहत होती, त्यांचा कालवा वरपर्यंत येत होता. आम्ही टेबलाशी बसलो होतो, काकू वाढत होत्या. सुहासकाका कोर्सचं वर्णन करत होते. प्रवेश परीक्षा नाही, कटकट नाही, नुसत्या गप्पा मारल्यासारखी मुलाखत, पैसे भरले की काम झालं. पप्पा ऐकत होते. मग पप्पा म्हणाले, "आम्हीही उत्पलासाठी याच कोर्सचा विचार करतोय."

सुहासकाकांनी घास थांबवला. "मिलिंद, मित्र म्हणून सांगतो. नको घालूस तिला तिथे. प्रचंड अभ्यास असतो. तिला झेपेल असं काहीतरी बघ. नर्सिंगचा डिप्लोमा का नाही बघत? इथे मागणी आहे."

"तिला मेडिकललाच जायचंय," पप्पा म्हणाले.

"मग इंडियात पाठव ना! तिथे तुम्हाला काय अवघड आहे? तुमच्या सीट्स ठेवलेल्याच असतात. वहिनींनाच विचार. त्यांच्या वेळी तर काय, नुसतं पास झालं की झाले डॉक्टर." आणि ते हसले. आजही त्यांच्याबद्दल आदरार्थी लिहायला माझा हात तयार नसतो. आईने वळण लावलंय म्हणून 'हसले' लिहिते.

काकू हातात डाव घेऊन उभ्या राहिल्या. ईशा ताटाकडे बघत होती, तिचे कान लाल झाले होते. आईने मसालेभाताचा घास कालवला आणि तोंडात घातला. पप्पांनी घसा साफ केला. मला वाटलं, आता. आता बोलतील. पप्पा म्हणाले, "मेधावहिनी, आमटी छान झालीय."

त्या आमटीच्या वाक्याइतका राग मला सुहासकाकांच्या वाक्याचाही आला नाही. माझ्या कानात काहीतरी वाजायला लागलं. मी इंग्रजीतच बोलले, नेहमीसारखी, पण शब्द इतके सावकाश निघत होते की माझं मलाच नवल वाटलं. "अंकल, मागच्या वर्षी ईशाच्या पोटात दुखत होतं तेव्हा तुम्ही कुणाला फोन केला होता? राखीव सीटला?"

"अगं, गंमत केली मी—"

"कुणाला केला होता?"

"उत्पला," आई म्हणाली. आवाज चढवला नव्हता. "ताटावर बसून भांडायचं नाही. जेव."

मी जेवले नाही. हात धुतले आणि बासुंदीची वाटी तशीच ठेवून खाली तलावाशी जाऊन उभी राहिले. ईशा मागोमाग आली, माझ्या शेजारी उभी राहिली आणि म्हणाली, "सॉरी." मी तिला म्हटलं, "तू नको म्हणू. तू नाही बोललीस." ती तशीच उभी राहिली. आई-पप्पा मात्र नीट बासुंदी खाऊन, निरोप घेऊन, सावकाश खाली आले.

टॅम्पिनीसहून वुडलँड्सला जायचं म्हणजे गाडी बदलून जवळजवळ सगळं बेट ओलांडायचं. डबा रिकामा होता. मी आईच्या समोरच्या बाकावर बसले आणि मराठीत विचारलं, कारण हे इंग्रजीत विचारून चाललं नसतं. "तू गप्प का बसलीस?"

"भूक लागली होती मला," आई म्हणाली. "सकाळपासून काही खाल्लं नव्हतं."

"आई!"

"मग काय करायचं होतं? माझे मार्क सांगायचे होते त्याला? कॉलेजात सहा वर्षं सांगितले. एकानेही लक्षात ठेवले नाहीत."

पप्पा खिडकीबाहेर बघत होते. बाहेर ब्लॉकमागून ब्लॉक जात होते. घरी आल्यावर त्यांनी घरातले झाडून सगळे बूट, माझे शाळेचे जुने बूटसुद्धा, वर्तमानपत्रावर मांडले आणि पॉलिशची डबी उघडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना ते म्हणाले, "उत्पला तोच कोर्स घेईल. ठरलं."

"काय ठरलं?" आईने विचारलं. "तो मेडिकलचा कोर्स नाही. मेडिकलच्या आधीचा आहे. पुढे कुणी घेतलं नाही तर? केमिस्ट्री खणखणीत आहे. सरकारी विद्यापीठ आहे."

"तोच घेईल," पप्पा म्हणाले. "त्याच वर्गात बसेल. त्याच्या मुलीच्या शेजारच्या बाकावर."

"म्हणजे तुम्हाला काल जे बोलता आलं नाही ते हिने चार वर्षं बसून बोलायचं?"

पप्पा उठले आणि कामावर गेले. जाताना दार त्यांनी हळूच लावलं, पण लावताना त्यांचा चेहरा मी पाहिला. आमटीवरचा माझा राग त्या दिवशी थोडा उतरला, पुरता नाही. पप्पा आता नाहीत. मला माहीत आहे की परक्या देशात पास दर थोड्या वर्षांनी नव्याने मागणाऱ्या माणसाला गप्प बसायची सवय लागते. गावाकडे ती सवय त्यांना त्याच्याही आधी लागलेली होती. हे सगळं मी समजू शकते. तरी जिवंत माणसाने त्या टेबलावर आमटीपेक्षा काहीतरी वेगळं बोलायला हवं होतं, असं मला आजही वाटतं.

मला त्यांचं पटलं होतं. मीही तोच कोर्स घेणार होते, आणि कारणही त्यांचंच होतं. आई दवाखान्यातून रजा घेऊन माझ्याबरोबर आली. निळी कॉटनची साडी नेसली होती, केस घट्ट बांधले होते. ती साडी ती एरवी फक्त विहारात जाताना नेसायची.

खासगी विद्यापीठात स्वागताला थंडगार हवा, गोड वासाची फुलं आणि आमच्या वाट्याची एक समुपदेशक मुलगी होती. माझ्यापेक्षा फार तर सात-आठ वर्षांनी मोठी असेल. नाव मिस टॅन. तिने आम्हाला गुळगुळीत पुस्तिका दिली, तिच्यावर पांढऱ्या कोटातली हसरी मुलं होती. माझे गुण बघून ती खूश झाली. "व्हेरी गुड! यू कॅन स्टार्ट दिस इन्टेक लाह," ती इथल्या लकबीत 'लाह' जोडत म्हणाली. मग आईकडे वळून, जरा मोठ्याने आणि सावकाश, लहान मुलाशी बोलावं तसं तिने विचारलं, आंटी घरीच असतात का?

"दवाखान्यात काम करते," आई म्हणाली.

"ओह, रिसेप्शनिस्ट?"

आईने पुस्तिका मिटली. "आय ॲम अ डॉक्टर," ती म्हणाली.

सिंगापुरात आल्यापासून हे वाक्य मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. ती ते फुशारकीने बोलली नव्हती. रक्तगट सांगावा तसं बोलली. मिस टॅन चपापली, सावरून बसली. मग आईने विचारायला सुरुवात केली. शरीररचना कोण शिकवतं, मृतदेह इथे आहेत की नाहीत, पदवीनंतर मेडिकलला नक्की घेतात का. मिस टॅन 'पाथवे', 'पार्टनर', 'ऑपॉर्च्युनिटी' असं बरंच काही बोलत राहिली. आई पुन्हा तेच विचारायची, त्याच आवाजात. शेवटी त्या मुलीने पेन खाली ठेवलं आणि तिचा सराईत आवाज गेला. "ऑनेस्टली, आंटी, प्रॉमिस करता येणार नाही. आमची पहिली बॅच अजून बाहेर पडायची आहे. मेहनत केली तर चान्स आहे. खात्री नाही."

"थँक यू," आई म्हणाली. खरंच आभार मानावे तशी म्हणाली.

आमचा बेत फिसकटतोय असं वाटून असेल, मिस टॅन घाईने पुढे वाकली. "पण काळजी नको. तुमच्या मुलीसाठी आम्ही एक सीट रिझर्व्ह करून ठेवलीय. शुक्रवारपर्यंत."

रिझर्व्ह. मी आईकडे पाहिलं, आईने माझ्याकडे. आणि मग आईला हसू आलं. आधी खांदे हलले, मग तिने पदर तोंडाला लावला, मग तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मिस टॅन गोंधळून आळीपाळीने आमच्याकडे बघत होती. मला हसू येत नव्हतं. माझ्या डोक्यात तिडीक गेली होती. प्रवेश परीक्षा नाही. चाळणी नाही. बापाच्या खिशात असेल तर मुलीसाठी जागा राखून ठेवतात, आणि त्या जागेचे पेढे वाटतात. त्या जागेवर कुणी विनोद करत नाही. ईशाला आयुष्यात कुणी विचारणार नाही की बाई, तू कुठल्या सीटवरून आलीस. आणि माझी आई, जी गावच्या शाळेत फरशीवर बसून शिकली, जिच्या घराण्यात तिच्याआधी कुणी कॉलेजचं दार पाहिलं नव्हतं, तिने मिळवलेल्या जागेवर मसालेभात खाता खाता हसायचं. ती जागा तिला मिळेपर्यंत किती पिढ्यांना दाराबाहेर उभं केलं गेलं होतं, त्याचा हिशेब सुहासकाकांना कोण विचारणार? मी हे सगळं तिथे बोलले नाही. मिस टॅन बिचारी काय करणार होती.

तिने आम्हाला प्रयोगशाळा दाखवायला नेलं. मॉडेल्स होती, नवी कोरी, रंगीत प्लास्टिकची. आईने एखाद-दुसरं उचललं आणि ठेवून दिलं. मग कोपऱ्यातल्या कपाटाखाली तिला एक लाकडी पेटी दिसली. "हे काय?" मिस टॅनला माहीत नव्हतं. आईने न विचारता पेटी उघडली. आत हाडं होती, खरी, पिवळसर, जुनी. आई जमिनीवर उकिडवी बसली. निळ्या साडीचा घोळ तिने मांड्यांत घेतला आणि मांडीचं लांब हाड दोन्ही हातांनी उचललं. मी तिचे हात बघत राहिले. पाकिटांवर लेबल लावणारे ते हात नव्हते. अंगठा आपोआप हाडावरच्या उंचवट्यांवरून फिरत होता, जुन्या घरातल्या जिन्यावरून अंधारातही पाय बरोबर पडावा तसा.

"उजवं का डावं?" तिने मला विचारलं.

"मला काय माहीत?"

"बस खाली. आपल्या मांडीशी धर. हा गोळा आतल्या बाजूला, कमरेच्या खोबणीत जातो. ही खरखरीत रेघ मागे. आता?"

मी ते हाड माझ्या मांडीशी धरलं, फिरवलं, गोळा आत घेतला, रेघ मागे केली. "डावं," मी म्हटलं.

"डावं," आई म्हणाली. मग तिने हाड माझ्याकडून परत घेतलं. "ही पेटी जुनी आहे. पूर्वी जगभर असली हाडं आपल्याकडूनच जायची, कलकत्त्याहून. हा कुणीतरी आपल्याकडचा गरीब माणूस असेल. याला कुणी विचारलं नसेल." तिने ते हाड पेटीत ठेवलं, फेकल्यासारखं नाही, निजवल्यासारखं. मी पेटीतलं दुसरं हाड उचललं, आणि त्या क्षणी टॅम्पिनीस माझ्या डोक्यातही नव्हतं. मला त्या पेटीतलं प्रत्येक हाड ओळखता यायला हवं होतं. नुसतं हवं होतं, तहान लागावी तसं.

मिस टॅनने विचारलं, मग काय ठरवलं? आई म्हणाली, आधी जेवू, मग सांगू.

जवळच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या मोठ्या शेडमध्ये, पंखे घरघरत होते, कढया आपटत होत्या, एक म्हातारा कपातली कॉफी उंचावरून दुसऱ्या कपात ओतत होता. आईने माशाच्या सूपमधल्या शेवया घेतल्या, मी काही नको म्हटलं तरी माझ्यासाठीही घेतल्या. खाता खाता ती बोलायला लागली. कॉलेजातल्या दिवसांबद्दल ती माझ्याशी कधी बोलली नव्हती.

"आमच्या तोंडी परीक्षेला एक सर आधी आडनाव विचारायचे. मग प्रश्न. आडनाव ऐकलं की प्रश्न बदलायचा. मी त्यांच्यासाठी अभ्यास केला, उत्पला. रागाने. सर्जरी, मेडिसिन, सगळं रागाने पास झाले. पाठ होतं, पण माझं नव्हतं. मग आरोग्य केंद्रात गेले. एका दुपारी एक बाई आली, बाळ झालेलं, वार पडलेली नाही, रक्त थांबत नाही. जीप बंद पडलेली. खोलीत नर्स, ती बाई आणि मी. आत हात घालून वार सोडवायची होती. तेव्हा मला सर आठवले नाहीत. कुणीच आठवलं नाही. फक्त माझ्या हाताला काय लागतंय तेवढंच." तिने चमच्यातलं सूप फुंकलं. "जगली ती बाई. तिला माझं आडनाव विचारायला फुरसत नव्हती."

मी शेवयांचा वाडगा बाजूला सरकवला.

"म्हणून विचारते. तुला माणसाचं शरीर शिकायचंय, की सुहासच्या तोंडावर काहीतरी फेकून मारायचंय?"

"दोन्ही," मी म्हटलं.

मला वाटलं ती चिडेल. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग पुन्हा तिचे खांदे हलायला लागले. "दोन्ही," ती म्हणाली. "बरं. मग घे. खात्री नाही हे तुझ्या कानांनी ऐकलंयस. पुढे कुणी घेतलं नाही तर माझ्याकडे रडत यायचं नाही."

"नाही येणार."

"आणि राखून ठेवलेली जागा घेतली म्हणून मान खाली घालायची नाही. मी घातली नाही."

आम्ही परत जाऊन मिस टॅनला हो म्हणून सांगितलं. ईशा माझ्याच वर्गात होती. दुसऱ्या वर्षी तिने कोर्स सोडला आणि डिझाइन शिकायला गेली, त्यात ती रमली. एक जागा वाया गेली असं कुणीही, एकदाही म्हणालं नाही. पदवीनंतर मला मेडिकलला पहिल्यांदा नकार आला, दुसऱ्यांदा घेतलं, परदेशात. पप्पा तेवढं बघायला होते. सुहासकाकांनी माझ्या वडिलांच्या अंत्ययात्रेत मला 'डॉक्टर' म्हणून हाक मारली आणि मी ओ दिली नाही. मला कुणीकुणी समजावतात की जाऊ दे आता, म्हातारे झालेत ते. म्हातारं होणं म्हणजे माफी मागणं नव्हे. त्यांनी आईची माफी मागितलेली नाही.

त्या दिवशी हॉकर सेंटरमधून उठताना आईने माझा मनगटाशी हात धरला. ती म्हणाली, "राग ठेव. मी तुला तो टाकायला सांगणार नाही, मीही टाकलेला नाही. पण बाईच्या पोटावर सुरी ठेवशील तेव्हा तो हातात आणू नकोस."

मी आता रोज ऑपरेशन थिएटरमध्ये उभी असते. राग आहे. हात स्थिर आहे.